अठरा अंशांतलं बाळंतपण

नवरा क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कात सॉफ्टवेअर लिहायचा आणि मी रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात हवा सांभाळायचे. हवा म्हणजे खरोखरच हवा. गोळ्या जिथे बनतात त्या खोल्यांचं तापमान किती, दमटपणा किती, हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे बघायची माझी नोकरी. तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झालं की मीटिंग बोलवायचे. नवऱ्याचं ऑफिस आयर्लंडच्या एका टोकाला आणि माझा कारखाना दुसऱ्या. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही शनिवार-रविवारचे नवरा-बायको म्हणून काढलं. मग एक दिवस नवऱ्याने नकाशा पसरला आणि दोघांच्या मधोमध बोट ठेवलं. बोट पोर्टलीशवर पडलं. मधोमध हा शब्द त्याचा. त्याला तासाभराचा रस्ता, मला त्याच्या दुप्पट. पण माझं काम सलग नसायचं, आठवड्यातल्या काही रात्री मी तिकडेच एका खोलीवर राहायचे, म्हणून मी भांडले नाही.

ते भरभराटीचे दिवस होते. गावात भाड्याचं घर निघालं की संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे रांग लागायची. आम्ही तीन-चार रांगांत उभं राहून पाहिलं. शेवटी एका किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली: डोंगरावरचा बंगला, देखावा उत्तम. आम्ही गेलो तेव्हा जून महिना होता. स्लीव्ह ब्लूमच्या उतारावर, जिथे शेतं संपून पाइनची झाडं आणि दलदलीचं माळरान सुरू होतं, तिथे ते घर एकटंच उभं होतं. खाली अर्धा आयर्लंड हिरवागार पसरला होता आणि रात्र होत आली तरी ऊन हटत नव्हतं. नवरा पुण्याचा. टेकडी दिसली की त्याला वर राहावंसं वाटतं. त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं. घर गरम कसं होतं हे आम्ही विचारलं नाही. मी पोटापाण्यासाठी हेच काम करत होते आणि मी विचारलं नाही.

स्लीव्ह ब्लूम म्हणजे काही हिमालय नव्हे. आपल्याकडे त्याला कोणी डोंगरसुद्धा म्हणणार नाही. पण वाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. तो अटलांटिकवरून निघायचा, मधे अडवायला काही नाही, आणि पहिल्यांदा टेकायचा तो आमच्या बेडरूमच्या भिंतीवर.

घरमालक साठीच्या पुढचा, अविवाहित, मेंढ्या पाळणारा. गल्लीच्या, म्हणजे मधून गवत उगवलेल्या त्या अरुंद रस्त्याच्या खालच्या टोकाला त्याचं जुनं दगडी घर होतं. तिथेच तो जन्मला आणि तिथेच राहत होता. आमचा बंगला त्याने बहिणीसाठी बांधला होता. बहीण बॉस्टनला नर्स होती, निवृत्त होऊन कायमची परत येणार होती. ती आली, एक हिवाळा राहिली आणि बॉस्टनला परत गेली.

"का गेल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, गारठा आहे," तो म्हणाला. "अमेरिकेत माणसं मऊ होतात."

ऑक्टोबरात मला त्याच्या बहिणीचं म्हणणं पटायला लागलं. तेलाचा बॉयलर होता, रेडिएटर होते, स्वयंपाकघरात पीट जाळायची मोठी लोखंडी चूल होती. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. उष्णता तयार व्हायची, तक्रार त्याबद्दल नव्हती. ती राहायची नाही. प्रत्येक खोलीच्या भिंतीत हवा खेळायला म्हणून मुठीएवढं आरपार भोक ठेवलेलं होतं आणि हवा खरोखर खेळायची. माळ्यावर टॉर्च घेऊन चढले तर ऊब धरायला छतावर अंथरलेली लोकर उंदरांनी आपापल्या संसारासाठी नेलेली. सकाळी अंथरुणातून तोंड बाहेर काढलं की श्वासाची वाफ दिसायची. मी कारखान्यातून जुनं झालेलं एक तापमापक मागून आणलं आणि बेडरूममध्ये ठेवलं. पहाटे ते नऊ दाखवायचं. तिकडे रिंगास्किडीला माझ्या गोळ्या वीस अंशांत, मोजून मापून वाळवलेल्या हवेत झोपलेल्या असायच्या. त्यांना साधी शिंकही येऊ नये म्हणून मला पगार मिळत होता.

आमच्या विषयाच्या पुस्तकात एक दिलासा दिलेला असतो: खोली कितीही उत्तम राखली तरी थोडे लोक कुरकुर करणारच, ते गृहीत धरावं. आमच्या घरात दोनच माणसं होती. नवरा बर्म्युडा घालून हिंडायचा आणि "मस्त फ्रेश वाटतंय" म्हणायचा. म्हणजे निम्मे लोक असमाधानी, आणि ते गृहीत धरायची माझी तयारी नव्हती.

मालक अधूनमधून मेंढ्यांमागे वर यायचा आणि दारात डोकवायचा. आत आला की पहिलं काम म्हणजे खिडकी उघडणं. "घराला श्वास घेऊ दे," तो म्हणायचा. तो स्वतः घरातही टोपी, स्वेटर आणि त्यावर कोट घालून बसायचा. एकदा भाडं द्यायला त्याच्याकडे गेले तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात मला माझ्या बेडरूमची आठवण येऊन बरं वाटलं.

तो हिवाळा मी कसाबसा काढला. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याला आणि मला दोन गोष्टी कळल्या. एक, आम्हाला बाळ होणार आहे, जानेवारीत. दोन, नवऱ्यालाही थंडी वाजते, पण त्याने ते घर पसंत केलेलं असल्यामुळे कबूल करता येत नव्हतं. दुसरी गोष्ट पहिलीमुळे बाहेर आली. आम्ही कामाला लागलो. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "करा की." नवऱ्याने माळ्यावर काचलोकरीचे जाड थर अंथरले, आणि मी खाली उभी राहून त्याला कोपरे सांगितले. दारांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, पत्रं टाकायच्या झडपेला आतून ब्रश बसवला, खिडक्यांना मेंढीच्या कातड्याइतके जाड पडदे केले. भिंतींतल्या भोकांना मी उघडझाप करता येईल अशी झाकणं बसवली. स्वयंपाकघरातलं भोक मात्र उघडंच ठेवलं. चुलीला हवा लागते, ती मिळाली नाही तर चूल माणसांची हवा घेते, एवढं शिक्षण मला होतं. नोव्हेंबरात पहिलं दव गोठलं त्या सकाळी बेडरूममध्ये सतरा अंश होते. मी तो आकडा नवऱ्याला फोन करून सांगितला. तो ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तरी म्हणाला, "ग्रँड."

आई डिसेंबरात आली. ती मूळची वर्ध्याकडची, लग्नानंतर नागपूरची. आयुष्यभर तिने घर थंड कसं ठेवायचं याचाच विचार केला होता. पण बाळंतपण ही वेगळी बाब. बाळंतिणीला ऊब, शेक आणि धुरी, यात तडजोड नाही. तिच्या बॅगेत ओवा, बाळंतशोपा, सुंठ, खारीक आणि डिंकाचे लाडू होतेच, पण साडीत गुंडाळलेली लोखंडी शेगडीही होती. विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आईला इंग्रजी बेताचं. तिने शेगडीकडे बोट दाखवून "बेबी" म्हटलं. त्याने शेगडी परत बॅगेत ठेवली आणि पुढे काही विचारलं नाही.

घरात आल्यावर आईने प्रत्येक खोलीतून एक फेरी मारली. मग शाल आणखी घट्ट केली.

"हे गरम केलेलं आहे?" तिने विचारलं.

"सतरा अंश आहे आई. गेल्या वर्षी नऊ होतं."

"तू इंजिनिअर होऊन काय करून राहिली मग?"

दोन दिवसांत तिने घराचा एक शोध लावला, जो मी दीड वर्षात लावला नव्हता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. आम्ही त्यात टॉवेल ठेवत होतो. आईने टॉवेल काढले आणि तिथे बाळाचे कपडे, दुपटी, दह्याचं विरजण आणि स्वतःचे पायमोजे ठेवले. दही आयर्लंडमध्ये पहिल्यांदा नीट लागलं.

मुलगी पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये झाली. वॉर्ड इतका उबदार होता की आईने शाल काढली. हॉस्पिटलबद्दल तिचं मत त्या क्षणी कायमचं चांगलं झालं. "इथेच चाळीस दिवस ठेवत नाहीत का?" तिने मला विचारायला लावलं. मी विचारलं नाही. मी तिला सांगितलं की नाही म्हणतात.

घरी आल्यावर आंघोळीचा प्रश्न आला. बाथरूम घरातली सगळ्यात गार खोली. आईने प्लास्टिकचा मोठा टब स्वयंपाकघरात चुलीपुढे मांडला आणि आम्हा दोघींची, आधी लेकीची मग माझी, तेल लावून आंघोळ तिथेच सुरू केली. मग शेक. त्यासाठी तिने चुलीतले निखारे शेगडीत काढले आणि शेगडी घेऊन बेडरूमकडे निघाली. मी अडवलं. बंद खोलीत निखारे नेले तर काय होतं हे मी तिला समजावलं, वायूचं नावसुद्धा सांगितलं.

"आमच्या सगळ्या बाळंतिणी मेल्या का मग?" ती म्हणाली.

"नागपूरच्या घरांना फटी असतात आई. इथल्या मी बुजवल्या."

शेगडी स्वयंपाकघरातच राहील, असा तह झाला. मला खुर्चीवर बसवून वरून गोधडी पांघरली, आईने निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या, आणि धूर वर चढला. दीड मिनिटात छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. आई टॉवेलने त्याला वारा घालत होती. मी गोधडीत. तेवढ्यात मागचं दार उघडून मालक आत आला. तो वरच्या माळावर मेंढ्यांना चारा टाकत होता आणि त्याला आमच्या स्वयंपाकघरातून धूर येताना दिसला होता. त्याच्या हातात पाण्याची बादली होती.

त्याने आधी चुलीकडे पाहिलं, मग शेगडीकडे, मग गोधडीतून बाहेर आलेल्या माझ्या तोंडाकडे. टोपी काढली. बादली खाली ठेवली. आणि एकामागून एक स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

आईला आयुष्यात कोणी इतकं दुखावलं नसेल. "ओली बाळंतीण बसली आहे अन् हा माणूस खिडक्या उघडून राहिला," ती म्हणाली. मालकाने मला विचारलं, काय म्हणतात बाई. मी म्हटलं, आभार मानते आहे. तो जाईपर्यंत तिने त्याच्याकडे पाठ केली, आणि नंतर खिडक्या लावताना प्रत्येकीच्या कडीला सुतळी बांधली.

बाळंतिणीला घरी बघायला इथे सरकारी नर्स येते. आमच्याकडे यायची ती पन्नाशीची, लांब पावलं टाकणारी बाई होती. तिने लेकीचं वजन केलं, माझी विचारपूस केली आणि मग खोलीत नजर फिरवली. लेकीला कुंची, स्वेटर, दोन दुपटी. नर्सने हळूच कुंची काढली. घरात टोपडं नको, म्हणाली, बाळ फार तापतं. तिने बॅगेतून एक छोटं तापमापक काढून पाळण्याजवळच्या खिळ्याला अडकवलं. बाळाची खोली अठरा अंश ठेवायची. सोळा चालेल, वीसच्या वर नको.

मी आईला मराठीत सांगितलं. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"अठरा? अठराले तर नागपुरात लोक मफलर गुंडाळतात."

"बाळ गुदमरू नये म्हणून म्हणतात त्या."

"अन् गारठलं तर?"

मी ते भाषांतर करून नर्सला विचारलं. नर्स हसून म्हणाली, गारठलं तर ते रडतं. आईला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. नर्सची गाडी वळणाआड गेली आणि कुंची डोक्यावर परत आली.

माझी अवस्था विचित्र होती. मला माहीत होतं की नर्सचं बरोबर आहे. असे आकडे काही उगाच ठरत नाहीत, हेही माहीत होतं. मी स्वतः आकडे पाळूनच जगत होते. पण माझ्या पाठीला आणि कमरेला माहीत होतं की आईचं बरोबर आहे. मी माझ्यापुरता आईचा नियम लावला आणि लेकीपुरता नर्सचा, आणि आई स्वयंपाकघरात गेली की एक दुपटं काढून घ्यायचे. ती आली की ते परत यायचं. मुलीचं दिवसभर कपडे घालणं-काढणं चाललेलं असायचं. ती त्यात शांत झोपायची.

नर्सचा वार ठरलेला होता. दुसऱ्या खेपेला ती येण्याआधी मला दिसलं की पाळण्याजवळच्या खिळ्यावर तापमापक नाही. आईला विचारलं तर म्हणाली, पुसायला घेतलं. नर्सची गाडी अंगणात आली तेव्हा ते परत जागेवर होतं. खोलीत त्या दिवशी चांगले तेवीस-चोवीस अंश असणार. आईने सकाळपासून बॉयलर बंद होऊ दिला नव्हता. नर्सने आत येऊन कोट काढला, मग त्याखालचा स्वेटर काढला, आणि मग तापमापक पाहिलं.

"अकरा," ती म्हणाली.

ती घाबरली. अकरा अंशांत बाळ म्हणजे चालणार नाही, ताबडतोब हीटिंग वाढवा, तुमच्याकडे तेल आहे ना, नसेल तर मी कुठे बोलू का. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणते?"

"म्हणतात, खोली फार गार आहे. हीटिंग वाढवा."

आईचा चेहरा उजळला. "मी काय सांगून राहिली होती?"

नर्सने लेकीच्या मानेखाली हात घातला. मान घामाने ओली होती. तिने स्वतःच्या उघड्या दंडांकडे पाहिलं, खुर्चीवरच्या आपल्या स्वेटरकडे पाहिलं, आणि मग खिडकीशी जाऊन पडदा बाजूला केला. काचेला चिकटून असलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे बाहेरचं दव आतून हाताला लागतं, तिथल्या ओलीत तापमापकाएवढी कोरडी जागा होती. तिने तापमापक उचललं, खिळा उपसला आणि पुस्तकांच्या फळीच्याही वर, आईचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठोकला. हातोडा तिला मीच आणून दिला. जाताना तिने आईचा हात हातात घेतला आणि सावकाश म्हणाली, "यू आर अ ग्रेट ग्रॅनी." आईला हे समजलं. ती दिवसभर नर्सबद्दल वाईट बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, जावईबापू, या घरात एक स्टूल पाहिजे.

त्यानंतरच्या आठवड्यात वादळ आलं. असल्या वाऱ्यात इथले लोक नुसतं "थोडं वारं आहे" म्हणतात, पण त्या दुपारी रेडिओवरही घराबाहेर पडू नका सांगत होते. जेवण झाल्यावर वीज गेली. कुठेतरी पाइन तारांवर पडला होता. बॉयलरला तेल होतं, पण पंपाला वीज नव्हती. रेडिएटर तासाभरात मढ्यासारखे गार पडले. नवरा क्लोनडॉकिनला, रस्ते बंद. माझ्या सगळ्या पट्ट्या, पडदे आणि काचलोकर उष्णता धरून ठेवत होत्या हे खरं, पण धरायला उष्णता नको का. आम्ही तिघी स्वयंपाकघरात चुलीपुढे आलो, दारं लावली, पाळणा आत ओढला. पीटच्या विटा एका टोपलीभर उरल्या होत्या.

ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. मालक पीटची पोती घेऊन वर आला होता. पोती आत आणताना तो दारातच थबकला आणि एक हात कमरेवर ठेवून भिंतीला टेकला. चेहरा पांढरा पडला होता. ओला तर तो टोपीपासून बुटांपर्यंत होता.

"पाठ," तो मला म्हणाला. "जुनंच आहे. हवा पालटली की धरते."

भाषांतराची गरज पडली नाही. आईने त्याचा कोट काढून घेतला, तो नको नको म्हणत असताना. माझी खुर्ची चुलीपुढे ओढली आणि त्याला बसवलं. मग तिने चुलीवर तवा ठेवला, त्यावर ओवा गरम केला, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, शर्ट वर करा म्हणावं."

मी सांगितलं. तो साठीचा माणूस लाजून लाल झाला. त्याच्या पाठीला बहुधा कित्येक वर्षांत कोणी हात लावला नसेल. त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि शर्ट वर केला, आत आणखी एक बनियन होतं, त्याच्या आत आणखी एक. आईने मोजून वर केले आणि शेक द्यायला लागली. पुरचुंडी गार झाली की तव्यावर, गरम झाली की पाठीवर. वारा छपरावर आदळत होता. पहिली काही मिनिटं तो ताठ बसला होता. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"काय आहे हे?" त्याने विचारलं.

"एक बी आहे. मसाल्यात घालतात."

"हं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "या घरात ऊब फार आहे."

आधी खिडक्या उघडताना तो हेच वाक्य तक्रार म्हणून म्हणायचा. या वेळी तसं वाटलं नाही.

वीज दुसऱ्या दिवशी परत आली, नवराही आला. मालक तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. पीट पुरतंय का बघायला, म्हणाला. पीट पुरत होतं. त्याने टोपी काढली आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसला. त्यानंतर तो रोज दुपारी चहाच्या वेळेला यायचा. आई तवा ठेवायची, तो न सांगता शर्ट वर करायचा, आणि दोघं आपापल्या भाषेत बोलायची. ती त्याला नागपूरच्या उन्हाचं सांगायची, तो तिला मेंढ्यांच्या खुरांच्या रोगाचं. मी आधी भाषांतर करायचे. पुढे कोणी माझी वाट बघेनासं झालं.

चहाबरोबर आई त्याला डिंकाचा लाडू द्यायची. माझ्यासाठी केलेले लाडू. तो दोन खायचा. एकदा त्याने नवऱ्याला विचारलं, हे कशासाठी असतात. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ओल्या बाळंतिणीला दूध यावं म्हणून, असं त्या माणसाला कोणी सांगायचं.

"पाठीसाठी," नवरा म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं.

खिडकी त्याने त्यानंतर एकदाही उघडली नाही. उलट एकदा मी चहा गाळताना जरा फट ठेवली, तर तो म्हणाला, बाळाला वारा लागेल. आई मान हलवून म्हणाली, "पाह्य, कळते त्यांना."

एप्रिलमध्ये आई गेली. निरोपाला मालक स्वच्छ टाय लावून आला होता. त्याने तिला स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची एक जाडजूड शाल दिली, जी नागपुरात वर्षातले फार तर आठ दिवस वापरता येईल. आईने त्याला ओव्याची अख्खी पिशवी दिली आणि तव्यावर कसा भाजायचा ते हातवारे करून दाखवलं. तो म्हणाला, तवा नाही माझ्याकडे. तिने आमचा दिला.

मी कामावर परत गेले. लेक एका मायाळू बाईकडे दिवसभर राहायला लागली. उन्हाळा आला, पुन्हा ते लांबलचक ऊन, पुन्हा खाली हिरवा देश. नवरा म्हणाला, आता हे घर खरं आपलं झालं. करार संपायला दोनेक महिने असताना एका संध्याकाळी मालक आला. तो बसला, हवेबद्दल बोलला. गवताबद्दल बोलला. लेकीला मांडीवर घेतलं. मग टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याशी बोलल्यासारखं म्हणाला, "मी विचार करतोय की मीच वर राहायला यावं."

आम्हाला आधी कळलंच नाही. नवरा म्हणाला, "वर म्हणजे?"

"इथे. खालच्या घरात ओल फार आहे. पाठ धरते. तुम्ही या घराचं सोनं केलंत, खरं सांगतो. बहिणीलाही कळवलं. ती म्हणते, पुढच्या हिवाळ्यात येऊन बघते." तो खरोखर अवघडला होता. "घाई नाही. शरदापर्यंत सावकाश बघा."

तो गेला. नवऱ्याने फक्त छताकडे पाहिलं, जिथे त्याने गुडघे सोलून घेत लोकर अंथरली होती. मला राग आला होता. राग नेमका कोणावर काढायचा, हे मात्र ठरेना. आम्ही घर वाईट ठेवलं म्हणून बाहेर काढलं असतं तर भांडता आलं असतं. इथे आम्ही ते इतकं चांगलं केलं होतं की मालकाला ते हवंसं वाटलं, आणि हवंसं कसं वाटतं हे त्याला शिकवायला आम्ही नागपूरहून माणूस आणला होता.

आईला फोन केला. मला वाटलं, ती तरी चिडेल.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांची पाठ बरी नाही. तिथे राहून राहून मेले असते."

"आणि आम्ही?"

"तुम्ही तरुण आहात. अन् शिकलेले आहात. दुसरं घर कराल गरम." मग म्हणाली, "शेक घेऊन राहिले का ते रोज?"

घर पोर्टलीशच्या कडेला मिळालं, एका नव्या वसाहतीत. एकसारखी घरं, दोन-दोन एकमेकांना चिकटलेली, खिडकीतून दिसणारा देखावा म्हणजे समोरच्याची खिडकी. सामान न्यायला मालक ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आला. वाटेत पाऊस लागला तर त्याने स्वतःचा कोट काढून पाळण्यावर टाकला. नव्या घरात त्याने प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. पोकळ आवाज यायचा. तो सभ्य माणूस होता, त्यामुळे काही बोलला नाही. लेकीच्या गालाला बोट लावलं आणि ट्रॅक्टर घेऊन वर निघून गेला.

त्या घरात मला करण्यासारखं काही नव्हतं. फटी बुजवलेल्या होत्या, बॉयलर आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा. पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. शेजाऱ्यांचं हीटिंग संध्याकाळी सुरू झालं की मधली भिंत कोमट व्हायची. तो भिंतीला हात लावून बघायचा. मग त्याने आमचं हीटिंग जरा उशिरा लावायला सुरुवात केली, भिंत गरम झाल्यावर.  शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती.

ख्रिसमसच्या आधी शेजारी केक घेऊन ओळख करून घ्यायला आला. तरुण माणूस होता, नुकताच बाप झालेला. चहा घेताना तो अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्या बाजूची भिंत काय मस्त उबदार असते. आम्ही तर हल्ली तुमचं लागेपर्यंत आमचं लावतच नाही."

नवऱ्याने त्याला आणखी एक चकली दिली.